खंजिरीचं कातडं

शाळेच्या पुस्तकात ओळीनं लिहिलेलं असतं — अमुक कवी, तमुक ग्रंथ, अमुक साल. जसा काही तो माणूस आभाळातून ओव्या घेऊनच पडला! मित्रांनो, गुरुकुंज मोझरीचा इतिहास मला असा वाचता येत नाही.

यावलीच्या बंडोजींचा पोरगा माणिक, जन्म १९०९. घरी दारिद्र्य, शाळा अर्धीच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांपाशी बसला, खंजिरीवर भजनं गात हिंडला, तुकडोजी झाला. १९३५ ला मोझरीत आश्रम. १९५५ ला ग्रामगीता पुरी : ४१ अध्याय, ४६७५ ओव्या.

आता सांगा, ओवी कोणाची? पंडिताची काय? चालुक्य राजा सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लासा'त लिहून ठेवलं, की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे मुसळ अन् जातं आधी, ग्रंथ मागून. एकीनं चरण सोडला की दुसरीनं धरायचा — आमच्या मायमावश्यांची शाळा ही.

आणि भजन एकट्याचं कधी असते का? मागून झेलणारे लागतात. याच जिल्ह्यातले शेंडगावचे गाडगेबाबा, जातीनं परीट, अक्षरओळख नाही. ते कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. गर्दी उत्तर देई, त्या उत्तरावरून बाबा पुढचं बोलत. शिकवणारा कोण न् शिकणारा कोण, काढा निवडून!

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. तुटलेलं सूत चुटकीत जोडायचं मला शेजारच्या म्हाताऱ्यानं दाखवलं, त्याला आणखी कोणी. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ही विद्या लिहिलेली नाही.

म्हणून मी खंजिरीकडे बघतो. लाकडाचं कडं, पितळेच्या चकत्या, वर ताणलेलं कातडं. ते कोणी सोललं? कोणी कमावलं? ही विद्या गावानं ज्यांच्या माथी मारली, त्यांना गावकुसाबाहेर बसवलं. कातडं वाजलं तेव्हा देवळात चाललं, कमावणारा पायरीवर चालला नाही! अमरावतीत अंबादेवीच्या दारासाठी आमच्या माणसांना १९२७ साली सत्याग्रह मांडावा लागला.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गावही आहे. कातडं कमावणाऱ्यांची अशी वही कोण काढतो, बोला. मी पानं आखून ठेवली आहेत.