मोठ्या हॉटेलातला हातसडीचा भात

आमगावकडचे एक काका गेल्या महिन्यात तपासणीला आले होते. मुलगा मुंबईत नोकरीला. त्याने आईवडिलांना मोठ्या हौसेने एका महागड्या, नव्या धाटणीच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये नेलं. तिथे एकामागून एक छोट्या बशा येतात, प्रत्येक बशीत दोन घास, आणि वाढणारा प्रत्येक पदार्थाची गोष्ट सांगतो. काकांनी घरच्या सवयीप्रमाणे खुर्चीवर बसण्याआधीच इन्सुलिन टोचून घेतलं. पहिल्या तीन बशांमध्ये मिळून एका पोळीइतकंही पोटात गेलं नाही. पाऊण तासाने हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. सुनेने लगेच साखरेचं पाणी मागवलं म्हणून निभावलं.

त्याविषयी शेवटी सांगतोच. पण काकांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "डॉक्टरसाहेब, सातव्या बशीत काय आलं असेल? हातसडीचा भात! घरी पाहुणे आले की आमची आजी हा भात आत नेऊन ठेवायची."

आजी तो भात का लपवायची आणि मुंबईत तो मिरवत का आला, याच्यामध्ये सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात वैद्यकशास्त्रातला एक मोठा शोध आहे आणि आपल्या गोंदियाच्या मिलचाही त्याच्याशी संबंध आहे.

धानाचं तूस काढलं की आत तपकिरी दाणा असतो. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर आणि टोकाला अंकुर. उखळ-मुसळाने कांडलं तर तूस निघतं, कोंडा बराचसा राहतो. यंत्राची मिल आली आणि कोंडा पूर्ण घासून दाणा पांढराशुभ्र करणं सोपं झालं. असा तांदूळ जास्त टिकतो, कारण कोंड्यातलं तेल खवट होण्याचा प्रश्नच उरत नाही. दिसायलाही छान. ज्याच्याकडे पैसा, त्याच्या ताटात पांढरा भात. आजीला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

पण पॉलिशचा तांदूळ जिथे जिथे मुख्य अन्न झाला, तिथे बेरीबेरी नावाचा रोग वाढला. पाय बधिर होणं, चालता न येणं, सूज, आणि शेवटी हृदय बंद पडणं. डच अमलाखालच्या जावा बेटावर सैनिक आणि कैदी या रोगाने मरत होते. ख्रिश्चन आइकमन हा डॉक्टर तिथे बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, रोगाचे जंतू शोधत होता. १८९०च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. लष्कराचा चांगला भात कोंबड्यांना कशाला, असं म्हणून नव्या आचाऱ्याने तो बंद केला. कंजूषपणातून लागलेले शोध फार नाहीत, त्यातला हा एक!

पुढे फोर्डरमान या अधिकाऱ्याने जावातल्या १०१ तुरुंगांची पाहणी केली. सुमारे २ लाख ८० हजार कैदी. जिथे पांढरा तांदूळ होता तिथे बेरीबेरी, जिथे कोंड्यासकट होता तिथे जवळजवळ नाहीच. आइकमनला आधी वाटलं की पांढऱ्या भातात काही विष असावं आणि कोंडा त्यावर उतारा असावा. १९०१मध्ये त्याचा सहकारी ग्राइन्स याने बरोबर उलटं सांगितलं: विष नाही, काहीतरी कमी पडतं आहे. १९१२मध्ये कासिमिर फुंक याने अशा पदार्थांना 'व्हिटामाइन' हे नाव सुचवलं. तुम्ही दुकानात ज्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मागता, तो शब्द मुळात तांदळाच्या कोंड्यावरच्या कामातून आला. कोंड्यातला तो पदार्थ म्हणजे बी-१, थायमिन. आइकमनला १९२९मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आपल्याकडे १९१८मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसनच्या हाताखाली बेरीबेरीची चौकशी करणारं एक छोटं केंद्र सुरू झालं. तेच वाढत वाढत १९५८मध्ये हैदराबादला गेलं. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तुमच्या आहारतक्त्यात मी जे आकडे लिहितो, ते बहुतेक तिथलेच.

मग भारतात इतका भात खाऊनही बेरीबेरी सगळीकडे का पसरला नाही? याचं मोठं कारण उसना तांदूळ, कोकणातला उकडा. धान भिजवून तुसासकट वाफवलं की कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत उतरतं. नंतर पॉलिश केलं तरी बरंच टिकतं. गोंदियात अरवा आणि उसना दोन्ही निघतात, आणि उसन्याला पिवळट, वासाचा, मजुरांचा तांदूळ म्हणून नाक मुरडणारेही इथलेच. पोषणाच्या हिशोबात त्या मजुराचं ताट शेठजींच्या ताटापेक्षा सरस होतं.

आता मुंबई. 'द बॉम्बे कँटीन' २०१५मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये सुरू झालं, 'मास्क' त्याच्या पुढच्या वर्षी महालक्ष्मीच्या एका जुन्या मिलच्या आवारात. म्हणजे आपल्याकडे मिल धानाची, तिकडे कापडाची. याच गिरणगावात कामगार खानावळीत जेवायचे, आणि तो स्वयंपाक करणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जागेचं सोनं झालं. भाकरी-कालवणाच्या जागी आता दहा बशांचं जेवण आलं. मला हे थोडं टोचतं, पण तो या ब्लॉगचा विषय नाही.

तोवर 'हॉटेलचं जेवण' म्हणजे काय होतं? फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी १९४७मध्ये दिल्लीच्या दर्यागंजात मोती महल काढलं. बटर चिकन तिथलं. ते नेमकं कोणी शोधलं यावरून २०२४मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. लोणी, साय आणि टोमॅटोची ती दाट ग्रेव्ही देशभर गेली, अगदी आपल्या देवरी रोडच्या ढाब्यापर्यंत. नव्या रेस्टॉरंटांनी तिच्याकडे पाठ फिरवून गावाकडची धान्यं, रानभाज्या, मोसमी फळं शोधायला सुरुवात केली. ही दिशा मला डॉक्टर म्हणून आवडते. मात्र लोणी आणि मीठ तिथेही सढळच असतं. लहान बशीमुळे ते लक्षात येत नाही, इतकंच.

आता काकांचा दुसरा प्रश्न: "मग हातसडीचा भात खाल्ला तर साखर वाढत नाही ना?" वाढते. १०० ग्रॅम कोरडा तांदूळ, कोणताही घ्या, त्यात साधारण ७५ ते ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. कोंड्यातल्या तंतूंमुळे साखर थोडी सावकाश चढते, पण दोन वाट्यांच्या चार केल्या तर तो फायदा संपला. बेरीबेरी आज आपल्याकडे क्वचित दिसतो. बी-१ची कमतरता मला दिसते ती रोज दारू पिणाऱ्यांत आणि दीर्घकाळ उलट्या होणाऱ्यांत. म्हणूनच दारू पिणाऱ्या पेशंटला सलाइनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी आम्ही थायमिनचं इंजेक्शन देतो. घरी एवढं करा: तांदूळ पाच-सहा पाणी बदलून धुऊ नका आणि पेज फेकू नका. बी-१ पाण्यात विरघळतं.

आता ते इन्सुलिन. बशा येत राहणारं जेवण दोन-तीन तास चालतं आणि भात उशिरा येतो. टेबलावर बसणं म्हणजे जेवण सुरू होणं नव्हे. तुमचं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं आहे की ताट समोर आल्यावर चालतं, हे जाण्याआधी आम्हाला विचारून घ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनाही हेच लागू. फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर हा धोका सहसा नसतो. दारू घेतली तर साखर रात्री उशिराही खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि लाज न बाळगता वाढणाऱ्याला सांगा की भात आधी आणा.

काकांनी परवा फोन केला. मुलगा दिवाळीला येतोय आणि त्याने पाच किलो हातसडीचा तांदूळ बांधून ठेवायला सांगितलाय. काकू उखळ शोधताहेत.