आठ पौंडांची गिटार

३ जून २००२ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर एक माणूस एकटाच उभा राहून इलेक्ट्रिक गिटारवर ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजवत होता. निमित्त राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे होते. वाजवणारा होता 'क्वीन' या बँडचा ब्रायन मे. त्याच्या हातातल्या लाल गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून कोरलेली होती. तिच्या अंगात एका जुनाट मोटरसायकलच्या स्प्रिंगा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणे होती. ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरातल्या एका खोलीत बनवली होती. एकूण खर्च आला होता सुमारे आठ पौंड.

ही गोष्ट संगीतरसिकांना ठाऊक आहे आणि ती बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते: पैसे नव्हते, म्हणून मुलाने भंगारातून गिटार केली आणि जग जिंकले. ऐकायला हे गोड वाटते. पण गरिबी हे गिटार न होण्याचे कारण असू शकते, होण्याचे नव्हे. भंगार तर सगळ्यांच्याच घरी असते. मग ही गिटार नेमकी कशातून झाली, आणि ती घडवणाऱ्या दोघांना तिने काय दिले, काय मागितले, हे पाहायचे असेल तर थोडे मागे जायला हवे.

विजेवरची गिटार हे कारखान्याचे अपत्य आहे असा आपला समज असतो. तिचा इतिहास वेगळेच सांगतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत गिटारवादकांपुढे एक साधी अडचण होती. पितळी वाद्यांच्या ताफ्यात गिटारचा आवाज बुडून जाई. लॉस एंजलिसमधल्या जॉर्ज बोशाम या वादकाने घरी जेवणाच्या टेबलावर प्रयोग करून यावर तोड काढली. पोलादी तारेखाली चुंबक ठेवायचे आणि त्यापाशी बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात वीज उमटते आणि ध्वनिवर्धक तिचा पुन्हा आवाज करतो. याच जोडणीला पिकअप म्हणतात. अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने १९३२ मध्ये ही गिटार बाजारात आली. दिसायला ती इतकी विचित्र होती की लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत.

या शोधाचा एक परिणाम लगेच ध्यानात आला नाही. सतारीला भोपळा लागतो, व्हायोलिनला पोकळ पोट लागते, कारण तारेचा क्षीण आवाज त्यातून मोठा होतो. आवाज मोठा करण्याचे काम विजेने उचलले, की पोटाची गरज उरत नाही. लेस पॉल याने १९४० च्या सुमारास हे थेट करून दाखवले. चार इंच जाडीरुंदीच्या पाइनच्या ओंडक्यावर त्याने तारा आणि पिकअप बसवले. केवळ लोकांना गिटार पाहिल्यासारखे वाटावे म्हणून दोन्ही बाजूंना खऱ्या गिटारचे अर्धे तुकडे जोडले. त्याचे नावच 'लॉग', म्हणजे ओंडका. आणि १९५० मध्ये भरीव अंगाची गिटार मोठ्या प्रमाणावर विकायला काढणारा लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला गिटार वाजवताही येत नसे. टेबल, ओंडका, दुरुस्तीचे दुकान: कारखाना या सर्वांच्या मागून आला.

ब्रिटनमध्ये मात्र हा कारखान्याचा माल पोचत नव्हता. महायुद्धाने देशाची गंगाजळी रिकामी केली होती. डॉलर वाचवण्यासाठी १९५१ पासून अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध आले, ते १९५९ मध्ये उठले. खाद्यपदार्थांचे रेशनिंगसुद्धा १९५४ पर्यंत चालले. याच काळात लॉनी डोनेगन याच्या स्किफल संगीताने तरुण मुलांना वेड लावले. धुणी धुण्याचा पत्रा, चहाच्या खोक्याला दोरी लावून केलेला बास आणि एखादी स्वस्त गिटार एवढ्यावर ते संगीत चाले. १९५९ मध्ये हँक मार्विनच्या हाती अमेरिकेहून मागवलेली लाल स्ट्रॅटोकास्टर दिसली आणि मुलांना स्वप्नाचा रंग कळला. पण निर्बंध उठले तरी त्या गिटारची किंमत पगारदार माणसाच्या घराला झेपणारी नव्हती.

असेच एक घर लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये होते. हॅरॉल्ड मे हे विमानवाहतूक मंत्रालयात आरेखक होते. पुढे कॉनकॉर्ड विमानाच्या, दाट धुक्यातही उतरता यावे यासाठीच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले. मुलाला त्यांनी युकलेली वाजवायला शिकवली, त्याच्यासोबत चार इंची आरशाची दुर्बीण बनवली. सातव्या वाढदिवशी ब्रायनला साधी गिटार मिळाली, तेव्हा तिलाही चुंबक आणि वेटोळे जोडून घरचा पिकअप बसवण्यात आला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये, ब्रायन सोळा वर्षांचा असताना, बापलेकांनी खरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. काम सुमारे दोन वर्षे चालले.

मान हा गिटारचा सर्वांत अवघड भाग. एका स्नेह्याकडची शंभरेक वर्षांची महोगनीची शेकोटीची चौकट टाकून दिली जाणार होती, ती यांनी आणली. लाकूड पक्के मुरलेले, म्हणून वाकणार नाही, पण त्याच कारणाने हत्यारालाही दाद देत नव्हते. शिवाय किडीने त्याला भोके पाडली होती. ती आगकाड्या ठोकून बुजवली. अंगासाठी जुन्या ओक टेबलाचा तुकडा आणि ब्लॉकबोर्ड वापरला, वरून महोगनीचे व्हिनिअर चढवले. ते दिसायला भरीव, पण आत पोकळ्या ठेवलेल्या. ध्वनिवर्धकासमोर उभे राहिले की आवाजाने तारा पुन्हा कंप पावाव्यात आणि सूर टिकून राहावा, हा त्यामागचा हेतू. इतर वादक ज्या घोंगावण्याला टाळत, तेच यांना ताब्यात घेऊन वापरायचे होते.

मानेवर पडदे बसवायचे म्हणजे गणित आले. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे येत नाहीत. एकदा खाच पाडली की पाडली. तारेची लांबी त्यांनी २४ इंच धरली होती. सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक पडद्यापाशी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागावे लागते. पहिला पडदा १.३४७ इंचांवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, १२ इंचांवर, आणि चोविसावा १८ इंचांवर. यातही एक जुना धागा आहे. १५८१ मध्ये व्हिन्चेन्झो गॅलिली या इटालियन ल्यूटवादकाने पडद्यांसाठी १८ ने भागण्याचा सोपा नियम सांगितला होता. त्या नियमाने २४ इंचांच्या तारेवर बारावा पडदा सुमारे दोन मिलिमीटर चुकतो. चूक लहान वाटते, पण कानाला कळते. या व्हिन्चेन्झोचा मुलगा गॅलिलिओ. वाद्याचे मोजमाप करणारा बाप आणि दुर्बीण घडवणारा मुलगा, ही जोडी फेल्टमच्या घराआधी एकदा होऊन गेली होती.

या दोघांचे खरे कसब दिसते ते तारांचा सूर हलवणाऱ्या दांडीत. ही दांडी दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडून सूर खाली उतरतो. सोडली की तारा जागेवर याव्यात ही अपेक्षा, पण घर्षणामुळे त्या नेमक्या सुरात परतत नसत. बाजारातल्या गिटारींचे हेच दुखणे होते. यावर बापलेकांनी जे योजले ते सोनाराच्या तराजूचे तत्त्व. तराजूची दांडी धारेवर टेकलेली असते, म्हणून गुंजभर वजनालाही हलते. यांनी कडक केलेल्या पोलादाच्या धारेवर सगळ्या तारांची पट्टी डोलती ठेवली आणि तारांचा ताण तोलण्यासाठी १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. घोडीवर प्रत्येक तारेखाली छोटे रूळ बसवले, म्हणजे तार घासणार नाही, घरंगळेल. दाबायची दांडी सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळईची. तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. पडद्यांच्या खुणा म्हणजे आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे, हाताने घासून गोल केलेली.

सगळेच साधले असे नाही. पिकअपसाठी ब्रायनने चुंबके आणून हातानेच वेटोळी गुंडाळली. आवाज चांगला आला, पण तार बोटाने आडवी ओढून मींड घेतली की खरखर येई. शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव एकमेकांच्या उलट होते, आणि ओढलेली तार एका ध्रुवावरून दुसऱ्यावर जात होती. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत घेतले. तेही जसेच्या तसे बसवले नाहीत. त्यांतली कंपने थांबावीत म्हणून आत ॲरल्डाइट ओतले. मग प्रत्येक पिकअपला दोन खटके दिले: एक चालू-बंद करण्याचा, दुसरा त्याची लहर उलटी करण्याचा. दोन पिकअपच्या लहरी एकमेकींच्या उलट लावल्या की काही स्वर वजा होतात आणि उरतो तो बारीक, धारदार नाद. मोजक्या ठरावीक जोड्या देणाऱ्या त्या काळच्या दुकानी गिटारींमध्ये ही मोकळीक नव्हती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. या यादीतून शेकोटी, स्प्रिंगा आणि बटणे लोकांच्या लक्षात राहतात, कारण त्या वस्तू गमतीच्या आहेत. पण त्या वस्तूंनी गिटार झाली नाही. ती झाली आरेखकाच्या सवयींनी: आधी कागदावर काढायचे, मग मोजायचे, मग भार देऊन पाहायचे, आणि चुकले तर मुकाट्याने नवे करायचे. विमान धुक्यात उतरवण्याचे काम करणारा माणूस 'चालून जाईल' म्हणत नाही. ही शिस्त हॅरॉल्ड यांनी भाषणाने दिली नाही, रंधा आणि कानस मुलाच्या हाती देऊन दिली. पैसे नव्हते म्हणून दोघे खोलीत शिरले हे खरे, पण आत गेल्यावर त्यांनी जे केले ते स्वस्त नक्कल करण्यापलीकडचे होते. विकत घेता आली असती तर त्यांना ती कंपनीची उत्तरे मिळाली असती. स्वतः केल्यामुळे प्रश्न मिळाले.

मात्र हॅरॉल्ड यांच्या दृष्टीने गिटार हा शिक्षणाचा भाग होता, शिक्षणाला पर्याय नव्हता. ब्रायनने लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि ग्रहांमधल्या धुळीच्या प्रकाशावर संशोधन सुरू केले. त्याच सुमारास, १९७० मध्ये, 'क्वीन' उभा राहिला. त्याचा गायक होता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातला फारूख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते आणि तिथेच तो मित्रांच्या 'हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवत असे. बँडचे चालू लागले तसे ब्रायनने संशोधन अर्धवट सोडले. हॅरॉल्ड यांना ते पटले नाही. पोटाला चिमटा काढून शिकवलेला मुलगा पॉपगायकांच्या ताफ्यात गेला, हे त्यांच्या लेखी सगळे वाया घालवणे होते. दीडेक वर्ष बापलेकांत जेमतेम बोलणे उरले. यातली वेदना अशी की मुलाला घरापासून दूर नेणारी वस्तू बापाच्याच हातची होती.

दुसरीकडे त्या वस्तूवर जग विश्वास ठेवायला तयार नव्हते. 'क्वीन'च्या १९७३ च्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरलेला नाही, असे मुद्दाम छापावे लागले. इतके वेगळे नाद एका गिटारमधून निघतात हे ऐकणाऱ्याला खरे वाटले नसते. बँडमधला जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्याने छोटा ध्वनिवर्धक बनवला. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात ब्रायनने या दोन घरगुती वस्तूंतून अख्खा जाझचा ताफा उभा केला. सोबतीला युकलेली आहे, वडिलांनी शिकवलेली.

पुढे ब्रायनने आईवडिलांना कॉनकॉर्डने न्यूयॉर्कला नेले. ज्या विमानासाठी हॅरॉल्ड यांनी काम केले होते, त्याचे तिकीट त्यांना स्वतःला कधी परवडले नसते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो माणसांसमोर ती गिटार वाजताना त्यांनी ऐकली आणि नंतर, आता मला कळले, अशा अर्थाचे मोजके शब्द ते बोलले. १९८८ मध्ये ते गेले. अर्धवट राहिलेला प्रबंध ब्रायनने २००७ मध्ये पूर्ण करून पीएच.डी. मिळवली. तो पाहायला वडील नव्हते.

दरम्यान कारखान्यांनी या गिटारच्या प्रतिकृती काढल्या: १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्ड कंपनीने, नंतर इतरांनी. जे विकत घेता येत नव्हते म्हणून घरी केले, ते आता विकत घेता येते. १९९८ मध्ये ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने मूळ गिटारची डागडुजी केली. तीस वर्षांहून अधिक काळ ती मंचावर आणि ध्वनिमुद्रणात अखंड वापरात होती, तरी मान सरळ होती आणि धारेवरची पट्टी अजून डोलत होती.

वाद्यांच्या इतिहासात आपण वादकांची नावे लिहितो, फार तर कंपन्यांची. हॅरॉल्ड मे यांचे नाव मुलाच्या प्रसिद्धीमुळे तरी उरले. त्यांच्या पिढीतली कितीतरी माणसे घरातल्या एका खोलीत, ऑफिसातून आल्यावर, मुलांसाठी दिव्याखाली काहीतरी घडवत बसली असतील. त्यांतल्या बहुतेक वस्तू आज नाहीत. ही एक राहिली, आगकाड्यांनी बुजवलेल्या भोकांसकट.