पाठीवर सॅक, पायाखाली बर्फ

वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक महिन्यात पृथ्वीवर कोठे ना कोठे हिवाळा असतो. डिसेंबर ते मार्च या काळात जपान, आल्प्स आणि कॅनडाचे पर्वत बर्फाने झाकलेले असतात, तर जून ते सप्टेंबर या काळात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिली आणि अर्जेंटिना येथे तीच अवस्था असते. या साध्या भौगोलिक वस्तुस्थितीवर प्रवासाची एक स्वतंत्र रीत उभी राहिली आहे. पाठीवर सॅक, हातात स्नोबोर्डची लांब पिशवी, मुक्काम स्वस्त हॉस्टेलमध्ये आणि एका गोलार्धातील हिवाळा सरला की दुसऱ्या गोलार्धाकडे प्रयाण, असा हा क्रम. अशी भटकंती करणाऱ्या जोडप्यांच्या बाबतीत सोबतीला एक वेगळाच अर्थ येतो. शहरांच्या सहलीत सोबती हा गप्पांचा आणि खर्चाचा वाटेकरी असतो. बर्फाच्या उतारावर मात्र तोच पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, प्राणरक्षक ठरतो.

दोन परंपरा, तीन दांपत्ये

या प्रवासाच्या मुळाशी दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि दोन्हींच्या इतिहासात दांपत्येच भेटतात. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे ब्रिटिश दांपत्य १९७२ मध्ये एक जुनी मोटार घेऊन लंडनहून निघाले. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ आणि आग्नेय आशिया पार करीत त्याच वर्षाच्या अखेरीस ते सिडनीला पोहोचले. तेव्हा त्यांच्यापाशी अवघे २७ सेंट उरले होते. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे म्हणून १९७३ मध्ये त्यांनी ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही छोटी पुस्तिका काढली. ‘लोनली प्लॅनेट’ या मार्गदर्शिकांचा आरंभ तो हाच. थोड्या पैशांत, स्थानिक वाहनांनी, दीर्घकाळ हिंडण्याच्या पद्धतीला या पुस्तकांनी जगभर प्रतिष्ठा दिली.

दुसरी परंपरा फळीची. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन या गावी १९६५ च्या नाताळच्या दिवशी शेर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे तयार केले. त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी ‘स्नो’ आणि ‘सर्फर’ या दोन शब्दांच्या संधीतून त्याचे ‘स्नर्फर’ असे बारसे केले. पुढच्या टोकाला बांधलेली दोरी धरून त्यावर उभे राहायचे, एवढेच त्याचे तंत्र होते. हे खेळणे लाखोंच्या संख्येने खपले.

स्नर्फरवर लहानाचा मोठा झालेल्या जेक बर्टन कार्पेंटर या तरुणाने १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात फळ्या बनविण्याचा उद्योग सुरू केला. त्याच सुमारास टॉम सिम्स आणि इतरही काहीजण याच खटपटीत होते. जेक आणि डोना यांचा विवाह १९८३ मध्ये झाला आणि लवकरच युरोपातील व्यवसाय उभारण्यासाठी हे दांपत्य ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला जाऊन राहिले. त्या काळी बहुतेक स्की केंद्रे स्नोबोर्डला उतारावर येऊ देत नसत. व्हरमाँटमधील स्ट्रॅटन या केंद्राने १९८३ मध्ये दार उघडले आणि मग हळूहळू विरोध मावळला. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला. तरीही अमेरिकेतील आल्टा, डियर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन केंद्रांत आजही स्नोबोर्डला मज्जाव आहे. कार्पेंटर दांपत्याने २००३-०४ मध्ये आपल्या मुलांसह सुमारे दहा महिने जगभर फिरत, अनेक खंडांतील बर्फावर आणि लाटांवर स्वार होत, या भटक्या जीवनशैलीचा स्वतःच अनुभव घेतला. जेक यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

खेळाचे स्वरूप

स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातांत काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच रुंद फळीला आडवे जखडलेले असतात आणि हात मोकळे राहतात. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’ म्हणतात. सारे नियंत्रण फळीच्या दोन धारांवर असते. टाचांच्या बाजूची धार आणि बोटांच्या बाजूची धार आलटून पालटून बर्फात रुतवीत वळणे घ्यायची असतात. नवशिक्याचे पहिले दोन-तीन दिवस पडण्या-उठण्यात जातात. पडताना हात टेकण्याची सहजप्रवृत्ती असल्याने मनगटाच्या दुखापती या खेळात विशेष आढळतात. म्हणून हेल्मेटबरोबरच मनगटरक्षक वापरणे श्रेयस्कर.

सॅक घेऊन फिरणाऱ्यांच्या दृष्टीने स्नोबोर्डची एक सोय आहे. त्याचे बूट मऊ असतात आणि त्यांवर गावातून सहज चालता येते, स्कीचे बूट मात्र कडक आणि अवघड असतात. उलट सपाट जागी स्नोबोर्डवाल्याची पंचाईत होते. स्कीवाला काठ्या टेकीत पुढे जातो, तर फळीवाल्याला एक पाय सोडवून रखडत जावे लागते. दोघांपैकी एक स्कीवर आणि दुसरा फळीवर असला, तर मार्ग निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. लिफ्ट नसलेल्या डोंगरांसाठी ‘स्प्लिटबोर्ड’ वापरतात. ही फळी लांबीतून दुभंगते, तिच्या दोन भागांना खालून केसाळ पट्टे चिकटवून चढ चढता येतो आणि माथ्यावर दोन्ही भाग पुन्हा जोडून उतरता येते.

निसेको आणि न्यूझीलंड

उत्तरेकडील हिवाळ्यात या भटक्यांचे मोठे आकर्षण म्हणजे जपानच्या होक्काइदो बेटावरील निसेको. सैबेरियाकडून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प शोषून घेतात आणि डोंगरांना अडताच ते हलक्या, भुसभुशीत बर्फाच्या रूपाने टाकून देतात. एका मोसमात येथे सुमारे १४ ते १५ मीटर बर्फ पडतो. निसेको अन्नुपुरी या १,३०८ मीटर उंचीच्या डोंगरावर चार केंद्रे परस्परांना जोडलेली आहेत. समोर १,८९८ मीटर उंचीचा योतेई हा शंक्वाकृती ज्वालामुखी दिसतो. दिवसभराच्या श्रमानंतर ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे स्नान, हा येथील नित्यक्रम. केंद्राच्या हद्दीबाहेर जाण्यासाठी ठराविक दरवाजे आहेत. हवा आणि बर्फ पाहून ते उघडले किंवा बंद केले जातात. दोरी ओलांडून बाहेर जाण्यास ‘निसेको नियमां’नुसार सक्त मनाई असून त्याबद्दल लिफ्टचा पास जप्त होऊ शकतो.

जून उजाडला की लक्ष दक्षिणेकडे वळते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउनजवळ कोरोनेट पीक आणि रिमार्केबल्स, तर वानाकाजवळ कार्ड्रोना आणि ट्रेबल कोन ही प्रसिद्ध केंद्रे आहेत. परंतु सॅकवाल्या प्रवाशाला अधिक जवळची वाटतात ती कँटरबरी भागातील क्लबांनी चालविलेली मैदाने. ब्रोकन रिव्हर, क्रेगीबर्न, टेम्पल बेसिन ही त्यांतील काही नावे. येथे आलिशान लिफ्ट नाहीत. धावत्या दोराला कंबरेच्या पट्ट्याशी जोडलेला लोखंडी चिमटा अडकवून वर ओढून घ्यावे लागते. टेम्पल बेसिनला तर रस्त्यापासून पायी चढूनच पोहोचता येते. मुक्काम क्लबच्या साध्या निवासात असतो आणि भांडी घासण्यासारखी कामे पाहुण्यांनाही वाटून दिली जातात.

खर्च आणि परवाने

लिफ्टचे पास हा या प्रवासातील मोठा खर्च. मोसमापूर्वी घेतलेला पास, स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल आणि भाड्याची फळी या तीन मार्गांनी तो आटोक्यात ठेवता येतो. नवशिक्यांनी फळी विकत घेण्याची घाई करू नये. बूट मात्र स्वतःचे असावेत, कारण ते पायाला नीट बसणे सर्वांत महत्त्वाचे. सुती कपडे ओले झाले की अंगातील ऊब काढून घेतात, म्हणून आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर आवश्यक.

अनेक परदेशी तरुण मोसमभर केंद्रातच नोकरी करून खर्च भागवितात. त्यासाठी लागणारा ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा जपान काही देशांच्या नागरिकांना देतो, भारतीयांना तो मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र २०२४ पासून भारतीयांसाठी असा व्हिसा खुला केला. १८ ते ३० वर्षे वयाच्या अर्जदारांसाठी वर्षाला एक हजार जागा असून निवड सोडतीने होते. सोडतीत नाव निघणे प्रत्येकाच्या नशिबावर असल्याने, दोघांपैकी एकालाच व्हिसा मिळाल्यास काय करायचे हे जोडप्याने आधीच ठरविलेले बरे. पर्यटक व्हिसावर नोकरी करणे सर्वत्र बेकायदा आहे. विम्याच्या बाबतीतही दक्षता हवी. प्रवासाच्या साध्या विम्यात हिवाळी खेळ बहुधा समाविष्ट नसतात आणि असले तरी केंद्राच्या हद्दीबाहेरील अपघात वगळलेले असू शकतात.

सोबतीची परीक्षा

केंद्राच्या हद्दीत उतारांची देखरेख प्रशिक्षित पथके करतात आणि धोकादायक बर्फ स्फोट घडवून आधीच पाडतात. हद्दीबाहेर ही जबाबदारी प्रवाशाची. हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते, आणि फळीवाल्यांना मोह पडतो तो याच उतारांचा. बर्फ एकावर एक थरांनी साचतो. एखादा ठिसूळ थर खाली दबलेला असला, की माणसाच्या वजनाने वरची घट्ट लादी सुटून घसरते. जीवघेण्या प्रसंगांपैकी बहुसंख्य वेळा स्खलन स्वतः बळी पडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची समान श्रेणी वापरली जाते. तिसऱ्या, म्हणजे मधल्या पायरीच्या दिवशी मृत्यू पुष्कळ होतात. मधला आकडा पाहून माणसे निर्धास्त होतात आणि घराबाहेर पडतात.

बर्फाखाली गाडले गेल्यानंतरचा हिशेब मिनिटांचा असतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील घटनांच्या अभ्यासानुसार, पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगतात, अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. गावातून निघालेले पथक दहा मिनिटांत पोहोचणे जवळजवळ अशक्य. म्हणून तीन साधने प्रत्येकाजवळ असावीच लागतात. पहिले, ४५७ किलोहर्ट्झ या आंतरराष्ट्रीय वारंवारतेवर संदेश देणारे व शोधणारे ट्रान्सीव्हर. हे सॅकमध्ये न ठेवता अंगावर बांधायचे असते. दुसरी, घडी होणारी लांब शोधकाठी. तिसरे, धातूचे फावडे. थांबलेला बर्फ क्षणात घट्ट होतो आणि हातांनी खणता येत नाही.

येथेच जोडप्यांच्या प्रवासातील एक दोष उघडा पडतो. पुष्कळदा दोघांपैकी एक निष्णात असतो आणि दुसरा त्याच्या मागे निघालेला. यंत्र निष्णाताला चांगले वापरता येते, दुसऱ्याने ते केवळ अंगावर बांधलेले असते. परंतु निष्णात पुढे जातो, उतार तोच आधी तुडवितो आणि गाडला गेल्यास त्याचा जीव कमी शिकलेल्याच्या हाती येतो. म्हणजे दोघांतील जाणकाराची सुरक्षितता नवख्याच्या तयारीइतकीच असते. दोघांच्या तुकडीत तिसरा कोणी नसल्याने दोघेही एकदम सापडले, तर शोधणारा उरत नाही. त्यामुळे उतारावर एका वेळी एकानेच जावे आणि दुसऱ्याने सुरक्षित जागेवरून त्याला नजरेआड होऊ देऊ नये, हा नियम. जपानच्या जंगलात झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचे खोल खड्डे असतात. त्यात डोके खाली होऊन पडलेल्याला स्वतःहून बाहेर येणे फार कठीण. तेथेही सोबती हाकेच्या अंतरावर असणे हाच उपाय.

आणखी एक गोष्ट संकोचाशी निगडित आहे. आपल्या भीतीमुळे जोडीदाराचा दिवस वाया जाईल, या विचाराने माणूस गप्प राहतो. अनुभवी भटके म्हणूनच नकाराधिकार दोघांनाही सारखाच देतात. एकाने ‘नको’ म्हटले, की कारण न विचारता परतायचे.

गुलमर्ग

मराठी गिर्यारोहकाला सॅक, तंबू आणि पायपीट नवी नाही. पण सह्याद्रीतला कडा किंवा घसारा डोळ्यांना दिसतो, बर्फातील कमकुवत थर दिसत नाही. या विद्येची ओळख देशातही होऊ शकते. काश्मीरमधील गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर अफरवटकडे सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून जगभरचे स्नोबोर्डवाले येथे येतात. खालचे उतार शिकण्यास योग्य आहेत, वरचे मात्र खऱ्या अर्थाने रानटी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवरील हिमस्खलनात दोन पोलिश नागरिक, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन मृत्युमुखी पडला.

परदेशाची तिकिटे काढण्यापूर्वी जोडप्याने एक सराव अवश्य करावा. एकाने चालू ट्रान्सीव्हर पिशवीत घालून बर्फात पुरावे आणि दुसऱ्याने घड्याळ लावून ते शोधून खणून काढावे. नंतर भूमिका बदलाव्यात. दोघांचीही वेळ दहा मिनिटांच्या आत येईपर्यंत हद्दीबाहेरचा उतार दूरच ठेवावा. हद्दीच्या आत, देखरेखीखालील उतारांवर, एक संपूर्ण हिवाळा आनंदात घालविता येईल एवढा बर्फ दोन्ही गोलार्धांत आहे.