शासन अपराध्याला की जातीला?

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांचा पराक्रम, कुलस्वामिनीचे माहात्म्य आणि गावाच्या जुन्या खुणा यांविषयी लेखन यावे, हा प्रघात योग्यच आहे. तथापि पूर्वज या भूमीवर एकटे राहत नव्हते. ज्या जमिनीवर त्यांनी घरे बांधली आणि ज्या खाडीत जाळी टाकली, तिला आणखीही वाटेकरी होते. त्या वाटेकऱ्यांशी मनुष्याने कसा व्यवहार केला हाही इतिहासच होय, आणि आपणां कोळी बांधवांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे त्यात पुष्कळ आहे.

आपले माहुल हे जुन्या तुर्भे बेटावरील गाव. एका अंगास टेकडी, दुसऱ्या अंगास खाडी. १९५४ आणि १९५५ साली येथे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले व गावाची कळा पालटली. तरीही टाक्यांच्या पलीकडे तिवरांचे रान उरले आहे, थंडीच्या दिवसांत चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि तुर्भे-चेंबूरच्या झाडीत कोल्हा अद्याप तग धरून आहे. हा लांडग्याचा धाकटा भाऊबंद. २०२४ साली या परिसरातील कोल्ह्यांत रेबीजची लागण आढळली. असा प्रसंग आला की दोन टोकांची मते कानी पडतात. एक म्हणतो, ही पिडा समूळ नष्ट करा. दुसरा म्हणतो, मुक्या जनावराला बोट लावू नका. या वादाचा निवाडा करण्यापूर्वी मागे काय घडले ते पाहणे इष्ट आहे.

मुंबई आणि साष्टी या बेटांवर वाघ-बिबटे ही एके काळी नवलाची गोष्ट नव्हती. १८२२ साली मलबार टेकडीवरील एक वाघ गवालिया तलावावर पाणी पिऊन गेल्याची नोंद आहे. घाटमाथ्यापलीकडच्या माळावर लांडग्याचे राज्य होते. मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्याचे अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३१ साली दख्खनच्या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यात ‘लांडगा’ हे मराठी नावही टिपून ठेवले. आपल्या लोकांनी या पशूंना मित्र मानले होते असे नव्हे. गोठ्यावर झडप पडली की काठ्या-कुऱ्हाडी निघत, सापळे लागत. पण त्याच रानात वाघोबाचे ठाणेही असे. अकोले-जुन्नरकडील महादेव कोळी आणि ठाकर बांधव आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात; आरे आणि येऊरच्या वारली पाड्यांत वाघोबाला आजही नैवेद्य दाखविला जातो. त्यामागील भावना सरळ आहे : तू तुझ्या हद्दीत राहा, आम्ही आमच्या. जो हद्द ओलांडील त्याच्याशी गाठ.

इंग्रजी अमलात हा व्यवहार बदलला. माळ आणि राने नांगराखाली आणली की सारा वाढतो, आणि त्या वाटेत हिंस्र पशू आडवे येतात, हा हिशेब मांडला गेला. पशूंच्या याद्या झाल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर इनाम लागले. अमुक लांडग्याने मेंढरू नेले काय, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तो लांडगा आहे एवढाच अपराध पुरेसा होता. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांतून काढलेले आकडे मन विषण्ण करणारे आहेत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात इनामासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. आज भारतभर लांडगे उरले आहेत ते अंदाजे तीन हजार.

आता याच काळातील दुसऱ्या एका यादीकडे पाहावे. १८७१ साली सरकारने ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला आणि १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल सर्व देशभर पसरला. त्यानुसार संबंध जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आल्या. चोरी केलेली असो वा नसो, पोलिसांकडे हजेरी लावल्यावाचून सुटका नाही. सोलापुरास तर अशा लोकांना तारेच्या कुंपणात कोंडून ठेवण्यात आले. आपल्या नावालाही त्या काळच्या सरकारी लेखनात बरा वास नव्हता. महादेव कोळ्यांचे नेते राघोजी भांगरे १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्यासारख्यांच्या बंडांमुळे ‘कोळी’ म्हटले की ‘लुटारू’ असे समीकरण साहेबांच्या लेखणीत सहज उतरे. मग तो डोंगरातला असो वा खाडीवरचा, त्याचे हातात शस्त्र असो वा वल्हे. हा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली आणि देशात १९५२ साली रद्द झाला. त्याने लावलेला कलंक मात्र अनेक जमाती अद्याप धूत आहेत.

माणूस आणि जनावर एकाच मापाने मोजावे असे येथे सुचवावयाचे नाही. माणसाच्या जिवाची सर कशालाही येणार नाही. परंतु दोन्ही याद्यांमागील विचाराची चूक एकच आहे. ती ही की, अपराध कोणी केला हे पाहण्याचे श्रम नकोत म्हणून सर्व जातीवर शिक्का मारून मोकळे व्हायचे. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण ज्यांनी अंगावर सोसली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

स्वतंत्र भारताने १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा या विचाराला कलाटणी मिळाली. लांडग्यास त्यात अत्युच्च संरक्षण आहे. तथापि कायदा आंधळा नाही. एखादे जनावर मनुष्याच्या जिवास धोकादायक झाले अथवा बरे न होण्याइतके रोगग्रस्त झाले, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्या जनावरापुरती कारणे नमूद करून शिकारीची अनुज्ञा देऊ शकतात. म्हणजे शासन आहे, पण ते अपराध्याला आहे. पुढे १९७९ साली, जेथे माणसांना तारेत कोंडले होते त्या सोलापूरजवळच नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. त्याच्या आश्रयाने लांडग्यालाही थोडा निवारा मिळाला.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अभयारण्याचे कौतुक शहरात होते, मेंढरू मात्र धनगराचे जाते. लांडगा कळपातील दुबळे जनावर नेतो व कळप निकोप ठेवतो, असे मानणारे मेंढपाळ आजही आहेत. परंतु त्यांच्या या औदार्यावर संरक्षणाचा सर्व डोलारा उभा करणे हा अन्याय होय. नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती वेळेवर आणि हेलपाट्यांवाचून मिळाली तरच तिला न्याय म्हणता येईल. आणि जेथे मूल जाते तेथे कोणताही उपदेश तोकडा पडतो. २०२४ साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुले मारली. त्या मातांना जाऊन निसर्गाचा समतोल समजावणे ही क्रूरताच ठरेल. तेथे वनखात्याने त्या भागातील एका टोळीचा माग काढून लांडगे धरले, आणि कर्तव्य तेच होते. अपराधी जनावराला दया दाखविणे हे त्याच्या जातीच्या संरक्षणासही मारक ठरते, कारण मग लोकांचा राग सबंध जातीवर उतरतो.

सरसकट उपाय, मग तो बंदुकीचा असो वा पिंजऱ्याचा, कसा उलटतो याचे उदाहरण आपल्या उपनगरांनीच भोगले आहे. जुन्नरच्या उसात २००१ पासून बिबट्यांची सरसकट धरपकड झाली आणि शंभराहून अधिक बिबटे पकडून दूर रानांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरे येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ या काळात बिबट्यांनी अनेकांचे बळी घेतले. त्या उद्यानातही बाहेरचे बिबटे आणून सोडलेले होते. पुढे ही रीत आवरण्यात आली. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून वस्त्यांत जाऊन लोकांना समजावले : कचरा साठू देऊ नका, त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, रात्री मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसताच त्याला घेरू नका. २०१५ च्या गणनेत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे उद्यान व त्याच्या लगतचा भाग मिळून ३५ बिबटे आढळले, २०१८ साली ४७. बिबटे वाढले, तरी २००४ सारखा अनर्थ पुन्हा ओढवला नाही.

हाच धडा आपल्या खाडीकाठास लागू आहे. रेबीज हा कोल्ह्याने निर्माण केलेला रोग नव्हे. मोकाट कुत्र्यांत तो सर्वत्र फिरतो आहे. तेव्हा पहिले काम वस्तीतील कुत्र्यांना लस टोचून घेणे. दुसरे, मासळीची घाण आणि कोंबडीचे टाकाऊ तिवरांच्या कडेला न टाकणे. तिसरे, कोल्हा वा कुत्रा चावल्यास जखम साबणाने पुष्कळ वेळ धुऊन त्याच दिवशी इस्पितळात लस घेणे; याबाबतीत घरगुती उपायांवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ होय. आणि चौथे, पिसाळलेले जनावर दिसल्यास वनखात्यास कळविणे. त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. त्यापायी तिवरांतील निरोगी कोल्ह्यांवर मोहीम काढण्याचे मात्र कारण नाही.

ज्या समाजाने एकाच्या कृत्याबद्दल सर्वांनी बोल ऐकण्याचे दुःख अनुभवले आहे, त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा इतरांहून थोडी अधिक असते. आपल्या मुलांना आपण बंडांचा इतिहास अभिमानाने सांगतो. त्यासोबत दोन्ही याद्यांचा इतिहासही त्यांना सांगावा, आणि कोणाविषयीही निवाडा करताना आधी ‘कोणी केले?’ असे विचारण्याची सवय त्यांना लावावी, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.