दुवा आधी, टिचकी नंतर

शोधनिबंधाची पीडीएफ उघडायची, चौकटी कंसातल्या १७ या आकड्यावर टिचकी मारायची आणि थेट संदर्भसूचीतल्या सतराव्या नोंदीपाशी पोचायचं, हे आता आपल्या हातवळणी पडलं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी इथे अमेरिकेत लाटेकमध्ये प्रबंध लिहिला, त्यांनी त्यासाठी ‘हायपररेफ’ या पॅकेजची एक ओळ फाइलच्या सुरुवातीला घातली असेल. त्या ओळीमागचा इतिहास आपल्या मराठी मजकुरालाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

१९७७ मध्ये स्टॅनफर्डचे डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. त्यांतली अक्षरं त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची भाषा रचायला घेतली. तीच ‘टेक’. तिचं सगळं लक्ष छापील कागदावर होतं. पण तिच्यात ‘स्पेशल’ नावाची एक आज्ञा होती. तिच्या महिरपी कंसात जे लिहाल त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत टेक पडत नाही. मजकूर जसाच्या तसा पुढच्या प्रोग्रॅमच्या हवाली करते. चित्रं, रंग अशा गोष्टींची सोय त्यातून होई.

स्टॅनफर्डच्या जवळच, मेन्लो पार्कच्या एसआरआय इंटरनॅशनलमध्ये, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात टेकवर ‘लाटेक’ उभारलं. त्यांनी लेखकांना एक चांगली सवय लावली. ‘प्रकरण ३ पाहा’ यातला ३ हाताने लिहायचा नाही. प्रकरणाला एक नाव द्यायचं आणि उल्लेखाच्या जागी तेच नाव लिहायचं. आकडा लाटेक भरतं. प्रकरणं पुढेमागे झाली तरी आकडे चुकू नयेत, एवढाच हेतू. पण त्यामुळे कोणता उल्लेख कुठे बोट दाखवतो, याची नोंद प्रत्येक फाइलमध्ये आपोआप होत गेली. दुवा तयार होता. टिचकी मारायला पडदा तेवढा नव्हता.

ऑगस्ट १९९१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकशास्त्राच्या निबंधांचं संग्रहालय सुरू केलं. आज आपण त्याला ‘अर्काइव्ह’ म्हणून ओळखतो. तिथे लेखक छापील पानं नव्हे, तर टेकची मूळ फाइल पाठवत. पुढे वेब पसरलं आणि याच मंडळींनी ‘हायपरटेक’ प्रकल्प हाती घेतला: दुव्याची माहिती ‘स्पेशल’मधून धाडायची. तन्मय भट्टाचार्य यांनी त्यासाठी मॅक्रो लिहिले. त्या कामावर सेबॅस्टियन रात्झ यांनी ‘हायपररेफ’ रचलं.

हे पॅकेज लाटेकच्या जुन्याच आज्ञांना नवा अर्थ देतं. म्हणून जुन्या निबंधाची मूळ फाइल जपली असेल, तर ती एक ओळ घालून पुन्हा चालवायची; मजकुराला हात न लावता उल्लेख जिवंत होतात. बाहेरच्या पत्त्यासाठी ‘एचरेफ’ ही वेगळी आज्ञा आहे: पहिल्या कंसात पत्ता, दुसऱ्यात दिसणारा मजकूर.

आता आपल्याकडे वळू. मंडळाच्या जुन्या स्मरणिका, दिवाळी अंक, कुणाच्या आजोबांच्या आठवणी: यांतलं बरंच काही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेलं आहे. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये भलत्याच अक्षराचा संकेत असतो. फॉन्ट गेला की मजकूर अगम्य होतो. त्यात शोध घेता येत नाही, मग दुवे कुठले? आज झीटेकमध्ये युनिकोड देवनागरी थेट लिहिता येते आणि हायपररेफही चालतं. पण यंत्राला वाचता येईल असा मजकूर हातात असला तरच.

तेव्हा तुमच्याकडे अशा फाइली असतील, तर नुसती पीडीएफ किंवा स्कॅन ठेवून थांबू नका. मूळ फाइल जपा, मजकूर युनिकोडमध्ये आणा, शीर्षकं नुसती ठळक न करता शीर्षक म्हणून नोंदवा. ज्यांनी ते टंकलं, ती माणसं शंका विचारायला अजून आहेत, तोवर हे काम सोपं आहे.