डोक्याच्या बॅटरीसाठी सेल घेताय? छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, आधी वजन बघा

रब्बीत पिकाला पाणी द्यायचं, तर रात्रीची लाईट चुकत नाही. दारं धरायला जाताना डोक्याची नाहीतर हातातली बॅटरी लागतेच. मध्यरात्री तीच बंद पडली, तर बांधावरचा साप दिसत नाही आणि उघडी वायरही दिसत नाही. मण्यार तर रात्रीच फिरते. ती चावल्यावर बऱ्याचदा फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. त्यामुळे उजेड किती तास टिकणार, हे घरून निघतानाच माहीत असायला हवं. हा हिशोब बॅटरीतल्या सेलवर ठरतो. कमी पैशात चांगला सेल कसा निवडायचा आणि तो खिशात सांभाळून कसा न्यायचा, याची ही माहिती.

१८६५० म्हणजे काय?

आजकालच्या बहुतेक एलईडी टॉर्चमध्ये बोटाएवढा जाड लिथियम सेल असतो. त्यावर १८६५० असा आकडा असतो. हे त्याचं माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचा शून्य म्हणजे गोल आकार. साधारण ३.७ व्होल्टचा हा सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट दाखवतो. पॉवर बँक आणि जुन्या लॅपटॉपमध्येही हाच सेल सापडतो.

९,९०० एमएएचचा घोळ

सेलमध्ये किती वीज मावते, ते एमएएचमध्ये सांगतात. बाजारात सहज मिळणारे अस्सल १८६५० सेल साधारण १,२०० ते ३,५०० एमएएचचे असतात. तरीही आठवडी बाजारात आणि ऑनलाईन ६,८००, ९,९०० असे आकडे छापलेले सेल सर्रास विकतात. एवढ्याशा डब्यात तेवढी वीज मावतच नाही. अशा सेलमध्ये कधीकधी १,००० एमएएचसुद्धा भरत नाहीत. काही सेल तर जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टण चढवलेले असतात.

हिशोब सोपा आहे. टॉर्च १ अँपिअर वीज ओढत असेल, तर २,६०० एमएएचचा चांगला सेल सुमारे अडीच तास चालतो. उजेड अर्धा केला, तर पाच तासांच्या आसपास. म्हणजे आकडा मोठा असलेल्या खोट्या सेलपेक्षा २,६०० चा खरा सेल शेवटी स्वस्तच पडतो.

दुकानात काय तपासायचं?

• वजन : अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. ३०-३५ ग्रॅम भरला, तर घेऊ नका. मात्र काही ठग आत भुकटी भरून वजन वाढवतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका.
• बीआयएसची खूण : सेलवर किंवा खोक्यावर आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते बघा.
• लांबी : आत संरक्षक सर्किट असलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो. जास्त चार्ज किंवा शॉर्ट झाला, तर तो आपोआप बंद होतो. नवख्यासाठी हाच बरा. फक्त आपल्या टॉर्चमध्ये बसतो का, हे दुकानातच बघून घ्या.
• घरची परीक्षा : पूर्ण चार्ज करून टॉर्च लावा आणि घड्याळ बघा. बिल घेतलेलं असेल, तर कमी चाललेला सेल परत करता येतो.

जुन्या टॉर्चमध्ये नवा सेल टाकू नका

जुन्या जड टॉर्चमध्ये ४ व्होल्टची लेड-ॲसिडची चौकोनी बॅटरी असते. ती गेली की काही जण तिच्या जागी लिथियम सेल जोडून देतात. हे धोक्याचं आहे. त्या टॉर्चचं चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबत नाही. सेल गरम होऊन पेट घेऊ शकतो. तसंच ३.२ व्होल्ट छापलेला लिथियम फॉस्फेटचा सेलही वेगळा. त्याला ३.७ व्होल्टच्या सेलचं चार्जर लावायचं नाही.

खिशात नेताना

सुटा सेल चिल्लर किंवा किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका. सेलचं सगळं अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं, मध्ये फक्त पातळ वेष्टण. धातू लागून शॉर्ट झाला, तर मांडी भाजते. सेल ठेवायची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. वेष्टण फाटलेला, चेपलेला किंवा ओला झालेला सेल वापरू नका. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतही ठेवू नका.

चार्जिंग करताना

चार्जर आपोआप थांबणारं हवं. रात्रभर अंथरुणाजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ चार्जिंगला लावू नका. फरशीवर, डोळ्यांसमोर लावा. ४५ अंशांच्या वर तापलेल्या जागी, म्हणजे दुपारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार्ज करणं टाळा. दारं धरून आल्यावर गरम सेल लगेच लावू नका, थंड होऊ द्या. मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही.

सेल फुसफुसायला लागला किंवा धूर आला, तर आधी बोर्डाचं बटण बंद करा आणि माणसांना बाहेर काढा. वीज तोडल्यावर लांबून भरपूर पाणी मारा. धूर विषारी असतो, तो नाकातोंडात जाऊ देऊ नका.

बाद झालेला सेल

चुलीत, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून दुकानात किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

आणि रात्री निघताना एक चार्ज केलेला जादा सेल डबीत घालून सोबत घ्या.