१७. हॉफमनचा व्होल्टामीटर

विजेचा दाब मोजणारा व्होल्टमीटर तो हा नव्हे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन (१८१८–१८९२) यांच्या नावाने ओळखले जाणारे, पाण्याच्या विद्युत अपघटनाचे काचेचे उपकरण. तळाशी जोडलेल्या तीन उभ्या नळ्या. कडेच्या दोहोंत प्लॅटिनमची अग्रे आणि वर तोट्या. मधल्या नळीतून पाणी ओततात, त्यात थोडे सल्फ्युरिक आम्ल, कारण शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. ऋणाग्रावर हायड्रोजन जमतो, धनाग्रावर त्याच्या निम्मा ऑक्सिजन.

प्रस्तुत प्रयोगात ‘फॅराडे स्थिरांक’, म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांवरील विद्युतभार, काढायचा आहे. हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. म्हणून प्रवाह व वेळ यांच्या गुणाकाराला हायड्रोजनच्या मोलांच्या दुपटीने भागायचे. ०.२ अँपिअर प्रवाह १० मिनिटे सोडला (१२० कूलोम), तर २५ अंश सेल्सिअसला सुमारे १५ मिलिलिटर कोरडा हायड्रोजन मिळायला हवा. नळीतला वायू मात्र दमट असतो. बाष्पाचा दाब (सुमारे २४ मिलिमीटर पारा) वजा करायचा राहिला की उत्तर तीन टक्क्यांनी कमी येते, आणि तो हमखास राहतो. ऑक्सिजन पाण्यात अधिक विरघळतो, म्हणून त्याचे माप हिशेबात धरलेले नाही. स्वीकृत मूल्य ९६,४८५ कूलोम प्रति मोल. याला एका इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने भागल्यास अ‍ॅव्होगॅड्रो अंक मिळतो.